घरगाडीची गळती

आमच्या गाडीतून पाणी गळतं, ही बातमी मला शेजारच्या सुरेंद्रने दिली. सुरेंद्र विम्याचा एजंट आहे, त्यामुळे कुणाचं नुकसान व्हायला लागलं की सगळ्यात आधी त्याला वास येतो. मी सकाळी अंगणात दात घासत उभा होतो. तो कुंपणावर कोपरं टेकवून मोठ्या प्रेमाने म्हणाला, "भाऊ, गाडी मुतून राह्यली तुमची."

आमच्या गल्लीत एखादी गोष्ट सुरेंद्रने पाहिली की ती गावाने पाहिली असं धरून चालावं. मी तोंड धुऊन येईपर्यंत गाडीखाली पाच माणसं वाकून बसली होती आणि प्रत्येकाचं मत तयार होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. सावलीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर आणखी लोक गाडी पाहायला येतील.

गाडी म्हणजे मुळात माजरीकडे खाणकामगारांना पाळीवर नेणारी जुनी मिनीबस. भद्रावतीला गाड्यांच्या बॉडीचं काम करणाऱ्या मिथुनने तिची घरगाडी करून दिली. आत दोन माणसांचा पलंग, एक शेगडी, भांडी घासायचं सिंक, पलंगाखाली पाण्याची टाकी, टाकीला छोटा पंप आणि मागच्या कोपऱ्यात संडास. पलंग, शेगडी, सिंक हे सगळं लोकांना दाखवायला. बस मी घेतली ती त्या कोपऱ्यातल्या संडासासाठी.

कारण ज्योत्स्ना. म्हणजे माझी बायको. तिला साखरेचा आजार आहे आणि तासाभरात एकदा तरी जावं लागतं. तिचं माहेर सिरोंचा. आमच्याकडून एसटीने निघालं की दिवस जातो, आणि वाटेत बाईमाणसासाठी सोय म्हणाल तर जंगल आहे. आदल्या संध्याकाळपासून ती पाण्याचा थेंब घेत नसे, तरी आष्टी ओलांडली की तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. नऊ वर्षांपूर्वी ती शेवटची माहेरी गेली आणि परत आल्यावर म्हणाली, आता नाही. भावाच्या घराच्या वास्तूला गेली नाही. भाचीचा साखरपुडा मोबाइलवर पाहिला आणि फोन उशाखाली ठेवून दिला. आता त्याच भाचीचं, भाग्यश्रीचं, वैशाखात लग्न होतं आणि भावाने कळवलं होतं की आत्याने हात लावल्याशिवाय पोरीला हळद लागणार नाही. मी ज्योत्स्नाला म्हटलं, तू जाशील आणि राणीसारखी जाशील. असं मोठं वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो होतो. ते बोलल्यावर पंधरा दिवस मी स्वतःवर फार खूश होतो.

तेव्हा गाडी गळते म्हणजे काय गळत होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी मिथुनला फोन केला. तो म्हणाला, "सर, गळून नाई राह्यली ते. पाणी सेट होऊन राह्यलं." नवी चप्पल पायात बसायला वेळ लागतो तसं नवीन पाइपात पाणी बसायला वेळ लागतो, असं त्याने मला समजावलं. मी आठ दिवस पाणी बसायची वाट पाहिली. पाणी बसलं, पण गाडीखालच्या मातीत.

मग सुरेंद्रने मोबाइलवर व्हिडिओ पाहून शास्त्र शोधून काढलं. सगळे नळ घट्ट बंद करायचे, पंप चालू ठेवायचा आणि गप्प बसायचं. नळ बंद असताना पंप गप्प राहिला तर पाइप शाबूत. आपोआप घुरघुरला तर पाणी कुठून तरी पळतं आहे. आम्ही पलंगावर ओळीने बसलो. मी, सुरेंद्र आणि गल्लीतली दोन रिकामी माणसं. कुणी खोकलंसुद्धा नाही. सातव्या मिनिटाला पंप घुर्र करून बोलला. सुरेंद्रचा चेहरा असा फुलला, जणू पॉलिसीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक वारलं असावं आणि ते दुसऱ्याच कंपनीचं असावं.

पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली आहेत. कागद कधी आला आणि कधी गेला एवढंच मला आयुष्यात कळलं, मधे त्याचं काय झालं हे कुणालाच कळत नाही. तरी सवयीने मी एक वही उघडली. तारीख, टाकीत भरलेलं पाणी, उरलेलं पाणी, पंप किती वेळा घुरघुरला, शेरा. पहिल्या आठवड्याचा शेरा होता, 'चौकशी सुरू'. दुसऱ्या आठवड्याचाही तोच होता.

किती गळतं हे कळलं होतं, कुठून गळतं हे कळत नव्हतं. गाडीत पाइप सगळे फळीच्या आतून गेलेले. फळी उखडायची तर मिथुन पाहिजे, आणि मिथुन आता फोन उचलत नव्हता. तेव्हा कुणीतरी सुचवलं की पाण्याला रंग द्या, रंग जिथून निघेल तिथे भोक. होळी नुकतीच झाली होती, पळस लाल झाला होता. सुरेंद्रने फुलं उकळून बादलीभर रंग टाकीत ओतला. कल्पना चांगली होती. पण पाणी फळीखालून पसरत होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाडीतली सगळी जमीनच केशरी झाली आणि संडासाचं पांढरं भांडं कायमचं केशरी झालं. ज्योत्स्नाने ते दोन दिवस घासलं.

याच केशरी अवस्थेत गाडी पासिंगला न्यावी लागली, कारण तारीख मिळाली होती आणि मिळालेली तारीख सोडणं माझ्या रक्तात नाही. कचेरी कुठली ते विचारू नका. तिथल्या साहेबांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकले आणि बोटाने थेंब टिपून वास घेतला. मी म्हटलं, साहेब, पळसाचा रंग आहे. ते म्हणाले, असेल, पण माझ्या फॉर्मात पळस नाही. त्यांनी लिहिलं, 'वाहनातून केशरी रंगाचा अज्ञात द्रव गळतो. सक्षम अधिकाऱ्याकडून गळती नसल्याचा दाखला आणल्यास विचार करता येईल.'

सक्षम अधिकारी शोधत मी नळयोजनेच्या कचेरीत गेलो. तिथला तरुण बाबू अतिशय सभ्य होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला की गळतीचा दाखला आम्ही देतो, पण जमिनीतल्या पाइपाचा. पाइप जमिनीत पुरून आणा. असली वाक्यं मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवली आहेत. तेव्हा ती मला फार नेमकी वाटत. बाहेर येऊन मी झाडाखाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या लोकांचा राग समजला. तो समजून आता काही उपयोग नव्हता.

घरी आलो तर ज्योत्स्ना गाडीत उकिडवी बसली होती. मी नसताना तिने एक एक कोपरा फडक्याने कोरडा केला होता, फळ्यांच्या फटींत चिमूट चिमूट रांगोळी भुरभुरली होती आणि पंप चालू करून दोन तास बसून होती. सगळीकडे रांगोळी कोरडीच राहिली होती. फक्त संडासाच्या मागच्या भिंतीशी तिचा चिखल झाला होता. ती म्हणाली, "अजी, इथीच आहे. या फळीच्या मागं."

मी तिला मिथुनने कागदावर काढून दिलेलं चित्र दाखवलं. चित्रात त्या भिंतीमागे सरळ पाइप होता, जोड नव्हता. जिथे जोड नाही तिथे पाणी गळत नाही, हे मी तिला पुरुषाच्या आवाजात समजावलं. तिने रांगोळी पुसून काढली आणि चहा टाकायला गेली. वहीत मी त्या तारखेला काहीच लिहिलं नाही, कारण ही चाचणी माझ्या समक्ष झालेली नव्हती.

लग्नाला दहा दिवस उरले असताना केवळराम आला. केवळराम आमच्या तलावावरच्या मासेमारी संस्थेचा जुना माणूस. त्याची बायको गोकुळा आमच्याकडे मासोळी घेऊन येते. गळतीच्या बाबतीत पंचक्रोशीत त्याच्याएवढा अनुभव कुणाला नसेल, कारण त्याचा जन्म डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, गेला. तो गाडीभोवती फिरला नाही, खाली वाकला नाही. विडी पेटवून त्याने मला सोपा हिशेब सांगितला. डोंग्यातून पाणी कुठून येतं ते डोंगा काठावर ठेवून कळत नाही. तो पाण्यात लोटायचा आणि आपण कोरड्या डोंग्यात बसून पाहायचं. भोक स्वतःच बोलतं. आणि चिरा बुजवायच्या असतील तर डोंगा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, लाकूड फुगतं आणि चिरा आपोआप मिटतात. बाबूजी, तुमची गाडी पण आतून लाकडाचीच आहे ना, असं त्याने शेवटी विचारलं.

मी या माणसाला नाही म्हणायला हवं होतं. पण मी थकलो होतो, आणि सक्षम अधिकारी या शब्दाचा अर्थ त्या दिवशी मला केवळराममध्ये दिसला. शिवाय सुरेंद्रलाही ते पटलं. सुरेंद्रला पटलेली गोष्ट करू नये हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वैशाखात तलाव आटून मधोमध येतो. काठ दिसायला वाळलेला, पापुद्रे आलेला, पण त्याखाली कमरेइतका गाळ. ठरलं असं की सुरेंद्रने गाडी उलटी मागे न्यायची, मागची चाकं बुडतील इतपतच, आणि मी संडासात उभा राहून बॅटरीने पाहायचं. त्या संडासाचं दार आत उघडतं, त्यामुळे ते लावल्याशिवाय आत माणूस वाकू शकत नाही. मी दार लावून वाकलो.

गाडी मागे गेली. मग आणखी मागे गेली. मग सुरेंद्र ओरडला की ब्रेक लागून नाई राह्यला. नंतर कळलं की ब्रेक लागला होता, चाकं थांबली होती, गाळच खाली जात होता. गाडी डाव्या अंगावर कलली, सगळा सांगाडा पिळला आणि संडासाचं दार चौकटीत असं गच्च बसलं की मी खांदा लावला तरी हललं नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं.

सुरेंद्र पुढच्या खिडकीतून थेट केवळरामच्या डोंग्यात उतरला. त्याच्या बुटांना पाणी लागलं नाही. मला हे नंतर चार जणांनी कौतुकाने सांगितलं. डोंगा वल्हवत केवळराम संडासाच्या झरोक्यापाशी आला आणि आत डोकावला.

"बाबूजी, पाणी येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं."

"कुठून?"

"सगळीकडून."

तो विचारात पडला. मग त्याने काठावरच्या लोकांना निर्णय सांगितला, "गळते म्हणावं."

काठावर तोपर्यंत निम्मं गाव जमलं होतं. शाळेला सुट्टी, धानाची कामं नाहीत, लोकांनी काय करावं? कुणी म्हणत होतं छत कापा. कुणी म्हणत होतं पाणी छातीपर्यंत आलं की दार आपोआप तरंगून उघडेल. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मोठ्याने विचारलं की बाबूजी आत गेले तेव्हा त्यांना खरंच जायचं होतं का. मी पंचायत समितीत शिस्तीचा माणूस म्हणून ओळखला जात असे. माझ्यापुढे लोक चपला काढून उभे राहत. आणि आता मी गुडघाभर पाण्यात, केशरी भांड्याला धरून, एका हातभर झरोक्यातून त्यांना दिसत होतो. काठावर ज्योत्स्ना उभी होती. ती हसत नव्हती. सगळ्या गर्दीत न हसणारी ती एकटीच होती, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढायला तीन तास लागले. ओढताना असा हिसका बसला की संडासाची मागची फळी सुटून माझ्या पाठीवर पडली, आणि तिच्यामागचा पाइप उघडा पडला. चित्रात नसलेला जोड तिथे होता. मिथुनला पाइप वीतभर कमी पडला असावा. त्याने दुसरा तुकडा लावून वर चिंधी गुंडाळली होती, आणि चिंधीतून पाणी टपटपत होतं. रांगोळीचा चिखल झाला होता ती हीच जागा.

झरोक्याची चौकट काढून मला बाहेर ओढल्यावर गोकुळाने तिथूनच हात घालून संडासाच्या भांड्यातून बोटभर लांबीची एक मासोळी काढून तलावात सोडली आणि नवऱ्याला सांगितलं की संस्थेचा माल आहे, मोजून घे. ज्योत्स्नाने उघड्या पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पँट पिळत होतो.

केवळराम म्हणाला होता ते मात्र खरं ठरलं, लाकूड फुगलं. पलंग फुगला, फळ्या फुगल्या, दार तर असं फुगलं की ते आजतागायत उघडलेलं नाही. त्या दाराआड माझी बॅटरी अजून आहे. जोड बदलायला दहा मिनिटं पुरली असती. पण आता संडासात जायला दार नव्हतं, आणि गाडीला पासिंग नव्हतं.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मी ज्योत्स्नापुढे बसलो आणि म्हटलं, मी माझ्याकडून सगळं केलं. भावाला कळवू की तब्येत बरी नाही. पुढच्या वर्षी बाळंतपण-बारसं काहीतरी निघेलच, तोवर गाडी धड होईल. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी जाऊन राह्यली. गोकुळाची बहीण आलापल्लीले आहे, ती तिथवर सोबत येते. परवाची गाडी."

मी एसटीतली सगळी अडचण तिला पुन्हा समजावली. जणू ती अडचण तिची नसून माझीच होती. तिने ऐकून घेतलं. मी सोबत येतो असं मी म्हणालो नाही. मिथुनला गाठून भांडायचं होतं आणि पासिंगचा अर्ज पुन्हा द्यायचा होता. खरं म्हणजे मी रुसलो होतो. तिच्यासाठी अख्खी बस घेतली आणि ती लाल गाडीने निघाली, हे मला फार लागलं. स्टँडवर गेलो नाही. गाडीपाशी खुर्ची टाकून बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना झरोक्यातून जोड दाखवत राहिलो.

सहाव्या दिवशी ती परत आली. हात कोपरापर्यंत पिवळे, केसांत वाळलेला गजरा, आवाज बसलेला. नऊ वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी वाट पाहत होतो की आता ती प्रवासाचे हाल सांगेल. म्हणजे मला म्हणता आलं असतं, मी सांगितलंच होतं. तिने पोरीची साडी सांगितली, जावयाची उंची सांगितली, तेलुगू पाहुण्यांच्या पंगतीतलं तिखट सांगितलं. शेवटी मीच विचारलं, वाटेत कसं झालं?

ती म्हणाली, "काई नाई. आलापल्लीच्या पुढं मले लागली. उठली, ड्रायव्हरपाशी गेली, म्हटलं भाऊ, थांबव, मले जायचं आहे. थांबवली त्यानं."

"आणि लोक?"

"माझ्या मागं अकरा बाया उतरल्या. एक म्हातारी तर माझा हात धरून म्हणे, बाई, तू उठली म्हणून झालं, मी गडचिरोलीपासून दाबून बसली होती." तिने गजऱ्याला हात घातला. "येताना पण थांबवली. दोनदा."

बसमध्ये मी नेहमी खिडकीशी बसे, ती माझ्या शेजारी. पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेली ती मला आठवली. मी बाहेर बघत असे. नवऱ्याने भर गाडीत उठून बायकोसाठी असलं काही सांगायचं, तेही माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसाने, हे मला जमण्यासारखं नव्हतं. दोन शब्द बोलायला नकोत म्हणून मी बस घेतली, तिच्यात टाकी बसवली, ती टाकी गळते म्हणून वही उघडली आणि शेवटी ते सगळं तलावात घातलं. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला समोर तीच होती.

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं मला काऊन नाही सांगितलं?"

ती गजरा सोडत होती. मला वाटलं रागावेल, पण आवाजात राग नव्हता.

"दर वेळी सांगतलं. तुमच्या कानात सांगतलं. तुमी म्हणत, थांब जरा, आता गाव येतेच."

आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत शंभर किलोमीटर जंगल आहे. तिथे गाडी थांबेल असं गाव लवकर येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.